वीस बोअर? छे, अजिबात नाही बोअर!

हिंजवडीच्या क्यूबिकलमधून सुटून दिवाळीला वाशिमकडे पळणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर हा सीन ओळखीचा वाटेल. फराळ उरकलाय, चुलत-मावस भावंडांची गँग ओसरीवर जमलीय आणि कुणीतरी विषय काढतं... आजोबांची दुनळी! मग रिसोडच्या शिवारातली रानडुकरं, तुरीत घुसलेले रोही, सगळे किस्से ओळीने बाहेर येतात. शेवटी एखादा उत्साही वीर म्हणतोच, ‘‘एकदा चालवून बघू ना यार!’’

थांबा बॉस! तो विचार तिथेच सोडा. पण हौस खरी असेल तर तिच्यासाठी एक सरळ, कायदेशीर आणि जाम हटके वाट आहे. ती म्हणजे क्ले टार्गेट शूटिंग. मशीनमधून भिरभिरत सुटलेली तबकडी हवेतच छर्‍यांनी फोडायची. नावात ‘क्ले’ असलं तरी ती मातीची नसते. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखं पिच यांचं ते मिश्रण. व्यास 110 मिलिमीटर, वजन 105 ग्रॅम. आणि ती फुटते तेव्हा... अहाहा! महिनाभराचं अप्रेझलचं टेन्शन एका क्षणात धूर!

आकडा मोठा, नळी छोटी

आपल्याकडे बंदूक म्हटली की बारा बोअर. पण हा ‘बारा’ आला कुठून? एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान, म्हणून वीस बोअरची नळी बारीक. बारा बोअरची नळी साधारण 18.5 मिलिमीटर, वीसची 15.6 आणि अठ्ठावीसची 14. सगळ्यात सडपातळ ती ‘फोर-टेन’. तिचा आकडा मात्र गोळ्यांचा नाही, थेट इंचाचा : 0.410 इंच, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिमीटर.

अमेरिकन स्कीटमध्ये या चारही मापांच्या वेगवेगळ्या स्पर्धा होतात. ऑलिंपिकचं गणित वेगळं. तिथे बारापेक्षा लहान बोअर चालते, पण काडतुसातले छर्रे कुणासाठीही 24 ग्रॅमपेक्षा जास्त नकोत. मग बारा बोअर सोडून लहान बंदूक घेण्यात फायदा काय? म्हणूनच तिथे बारा बोअरचंच राज्य आहे. अर्थात, तिथे एकेका तबकडीची किंमत काय असते, ते 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपण पाहिलंच. स्कीट मिश्र सांघिकच्या ब्राँझसाठी महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका चीनकडून 43-44 असे हरले. फक्त एक तबकडी!

‘लहान म्हणजे सोपी’ हा गैरसमज

‘नवीन आहेस ना, मग फोर-टेन घे, धक्का कमी बसतो,’ असा सल्ला हमखास मिळतो. अर्धा बरोबर, अर्धा चूक! धक्का नळीच्या मापावर नाही, तर छर्‍यांचं वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचं वजन यांवर ठरतो. वीस बोअरची बंदूक बहुधा हलकी असते. तिच्यातून तेच 24 ग्रॅम त्याच वेगाने सोडले, तर खांद्याला उलट जास्तच झोंबेल. अठ्ठावीस बोअरमधून 21 ग्रॅम उडवलेत तर मात्र खरंच आराम.

दुसरा गैरसमज छर्‍यांच्या फैलावाचा. छर्रे किती पसरायचे हे मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेला ‘चोक’ ठरवतो. फरक पडतो तो संख्येत. स्कीटच्या बारीक छर्‍यांचे 24 ग्रॅम म्हणजे साधारण 500 दाणे. फोर-टेनच्या 14 ग्रॅममध्ये उरतात जेमतेम तीनशे. तेवढ्याच आकाशात दाणे निम्म्याच्या आसपास, मग मधल्या फटीतून तबकडी सुखरूप निसटते. थोडक्यात, फोर-टेन हे नवशिक्याचं खेळणं नाही, उस्तादाची परीक्षा आहे!

पिवळ्या रंगाचा फंडा

आता मस्ती बाजूला ठेवून वाचा. वीस बोअरची काडतुसं बहुधा पिवळी असतात आणि ती फॅशन नाही. वीसचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातलं तर ते आत सरकतं आणि नळीत पुढे जाऊन अडकतं. बाहेरून बघणाऱ्याला चेंबर रिकामं वाटतं. त्याच्यामागे बाराचं काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुटते, नेमकी तुमच्या पुढच्या हाताजवळ. म्हणून खिशात एका वेळी एकाच मापाची काडतुसं. नो कॉम्प्रोमाइज.

जुन्या दुनळीचीही एक गोम आहे. अनेक जुन्या बंदुकांचं चेंबर 65 मिलिमीटरचं असतं आणि आजची पुष्कळ काडतुसं 70 ची. तपासल्याशिवाय ‘बसलं की चाललं’ हा हिशोब नको.

ट्रंकेतली आठवण

परवाना आजोबांच्या नावावर होता आणि आजोबा आता नाहीत? मग ट्रंकेतली ती ‘आठवण’ कायद्याच्या नजरेत विनापरवाना शस्त्र आहे. 1959 चा शस्त्र कायदा सांगतो की, ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. त्यानंतर वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. वय 21 पूर्ण हवं. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. पीकरक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पण म्हणून दिसेल त्या जनावरावर नेम धरता येत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हौसेची शिकार केव्हाच संपवली. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातल्या काळविटांकडे कॅमेराच रोखायचा!

सुरुवात कुठून?

आधी रायफल क्लब गाठा. एअर रायफलवर शिस्त शिका : बंदूक उघडी, नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. शॉटगनची मोठी रेंज बघायची तर दिल्लीची डॉ. कर्णी सिंग रेंज किंवा भोपाळची अकादमी. खिसाही तपासा, कारण एका राउंडला 25 तबकड्या असतात आणि तेवढी काडतुसं हां हां म्हणता संपतात. बारा बोअरची काडतुसं आपल्या पुण्यात, खडकीच्या कारखान्यातही बनतात. लहान मापाच्या प्रेमात पडण्याआधी मात्र तिची काडतुसं नियमित कुठे मिळतील, ते विचारून घ्या.

मग एखाद्या दिवाळीला ओसरीवर किस्सा रंगेल तो तुमचा. त्यात रानडुक्कर नसेल, पंचविसातल्या तेवीस फुटलेल्या तबकड्या असतील. आणि उरलेल्या दोन का सुटल्या, यावर रात्रभर चर्चा!