तेच इंजिन, एकाला ५९६ गुण आणि दुसऱ्याला शून्य

"इंजिन पाह्यजे भाऊ, बाकी सारा देखावा!" फॉर्म्युला वनचा विषय निघाला की पांढुर्णा-सौंसरकडच्या पानठेल्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. लगेच शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा दाखलाही येतो: जोडी दमदार असली की पट आपलाच. गंमत अशी की हेच लोक पटाच्या दिवशी धुरकरी कोण आणि छकडा किती हलका यावर तासभर भांडतात. रेसिंग कारच्या बाबतीत मात्र ही सारी अक्कल गहाण पडते.

लांबचं उदाहरण नको, आपल्याच देशातलं घेऊ. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन व्हेटेल जिंकला आणि तिथेच त्याचं सलग चौथं विश्वविजेतेपद पक्कं झालं. गाडी होती रेड बुलची आरबी९, डिझायनर एड्रियन न्यूई यांच्या देखरेखीखाली घडलेली. इंजिन रेनोचं, २.४ लिटरचं, व्ही८. हेच इंजिन त्या वर्षी आणखी तीन संघांच्या गाड्यांत होतं. आता २०१३चा अधिकृत गुणतक्ता काढून बघा. रेड बुल ५९६, लोटस ३१५, विल्यम्स ५, कॅटरहॅम शून्य. चुकून नाही, अख्ख्या मोसमात शून्य! शिवाय त्या काळात नियमांनी इंजिनांचा विकास जवळपास गोठवून टाकला होता आणि फेरे मिनिटाला १८,००० वर बांधलेले होते. मग फरक कुठून आला?

हवेतून, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. वळणावर गाडी किती वेगाने घेता येईल हे टायरच्या पकडीवर ठरतं, आणि पकड टायरवर किती भार पडतो यावर. मग गाडीत पोती भरून भार वाढवावा का? नाही. वजन वाढलं की गाडीची वळणाबाहेर जाण्याची ओढही त्याच प्रमाणात वाढते, हाती काहीच लागत नाही. हवा मात्र गाडीचं वजन न वाढवता तिला रस्त्यावर दाबते. पुढचे-मागचे पंख विमानाच्या पंखाच्या उलट बसवलेले असतात, त्यामुळे ते उचलण्याऐवजी खाली दाबतात. त्याहून मोठी किमया गाडीच्या पोटाखाली घडते. तिथून हवा जोरात वाहते, तिचा दाब घटतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. वेग दुप्पट झाला की गाडीवरचा हा खाली दाबणारा भार चौपट होतो. चालकासह किमान ६४२ किलोच्या त्या गाड्यांवर पूर्ण वेगात त्यांच्या वजनाहून जास्त भार हवाच टाकत असे.

सगळेच संघ हे करतात. रेड बुलने ते इतरांपेक्षा बारकाईने केलं. गाडी मागून किंचित उंच आणि नाकाशी खाली ठेवली, जेणेकरून सारं पोटच हवा ओढण्याच्या कामी यावं. एक्झॉस्टमधून निघणारा गरम वायू गाडीच्या अंगालगत असा वळवला की तो मागच्या चाकांजवळ पोहोचून बाजूची हवा पोटाखाली घुसू देणार नाही. म्हणजे ज्या इंजिनाचं एवढं कौतुक, त्याचा धूरसुद्धा हवेच्या चाकरीला लावला होता.

याची किंमतही मोजावी लागते. दाब वाढला की हवेचा अडथळाही वाढतो आणि सरळ रस्त्यावर गाडी मागे पडते. २०११ साली माँझाला, जिथे सगळी मदार सरळ रस्त्यांवर, व्हेटेलची गाडी सर्वोच्च वेगाच्या यादीत तळाकडे होती. तरी पोल पोझिशन, म्हणजे सर्वात पुढून सुरुवात करण्याची जागा, त्याची आणि शर्यतही त्याचीच. बुद्ध सर्किटची लांबी ५.१२५ किलोमीटर, त्यात एक सरळ पट्टा किलोमीटरभराचा आणि वळणं सोळा. वेळ कुठे वाचतो हे वेगळं सांगायला हवं का?

यावर एखादा माहीतगार २०१४ काढतो. नवी हायब्रिड इंजिनं आली आणि मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. बरोबर आहे, इंजिनाला महत्त्व आहेच. रेनो सोडून मर्सिडीजचं इंजिन घेतल्यावर विल्यम्स ५ गुणांवरून ३२० वर पोहोचला. पण तेच इंजिन मॅकलरेनकडे होतं, फोर्स इंडियाकडेही होतं. उरलेल्या तीन शर्यती यांच्यापैकी कुणी जिंकल्या? कुणीच नाही. त्या डॅनियल रिकार्डोने जिंकल्या, रेनोचंच इंजिन असलेल्या रेड बुलमधून.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत.

एफ१ ही जगातली सर्वात वेगवान गाडी? सरळ रेषेत नाही; बुगाटी शिरॉनने २०१९ मध्ये ताशी ४९० किलोमीटर गाठले, पण वळणांच्या ट्रॅकवर एका फेरीतच ती कितीतरी मागे पडेल.

चाकं उघडी म्हणजे हवा कमी अडते? उलट, फिरतं उघडं चाक हवेला फार अडवतं. ती उघडी असतात कारण या वर्गाचे नियमच तसे आहेत.

टायर गुळगुळीत म्हणजे झिजलेले? कोरड्या रस्त्यावर जास्तीत जास्त रबर टेकावं म्हणून ते मुद्दाम तसे असतात; पावसात खाचांचे टायर लावतात.

पेट्रोल म्हणजे रॉकेटचं इंधन? नियमाने ते पंपावरच्या पेट्रोलच्या जवळपासचंच असावं लागतं.

आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर हल्ली दिसणाऱ्या, डिकीवर पंख ठोकलेल्या छोट्या गाड्या. ताशी साठ-सत्तरला त्या पंखावर पडणारा दाब नगण्य असतो. वर यातल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि पंख बसवलेला असतो मागे.