एका सतरा अंकी संख्येची ओळख

मुलांनो, शाळेत तुम्ही प्राइम नंबर आणि स्क्वेअर नंबर शिकता. मराठीत त्यांना मूळ संख्या आणि वर्गसंख्या म्हणतात. आज एकच मोठी संख्या घेऊन ती कोणकोणत्या गटांत बसते ते पाहू.

१२३४५६७८९८७६५४३२१

इथल्या शाळेत हिला बारा क्वाड्रिलियन आणि वर काही म्हणतील. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एकं-दहं-शतंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्यांतले सतरावे स्थान ‘मध्य’. म्हणजे आपली संख्या परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबते.

१) ती उलटसुलट सारखीच आहे. उजवीकडून वाचून पाहा.

२) ती वर्गसंख्या आहे. १११११११११ ला त्याच संख्येने गुणा. नेहमीसारखी मांडणी केलीत, की एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात. उजव्या टोकाच्या स्तंभात एक ‘१’ येतो, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, आणि मग पुन्हा कमी होत जातात. बेरजेत कुठेही हातचा येत नाही, म्हणून हा सुंदर डोंगर दिसतो. दहा एक घेतलेत तर मधल्या स्तंभात १० होतात, हातचा येतो आणि डोंगर मोडतो.

३) ती मूळ संख्या नाही. तिला ३ ने भाग जातो.

४) ती ‘डेमलो’ संख्या आहे. हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले. डेमलो म्हणजे आताचे डोंबिवली. ही कल्पना त्यांना तिथल्या स्टेशनवर सुचली.

५) ती ‘हर्षद’ संख्याही आहे. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नावही कापरेकरांचेच. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या. इथे बेरीज ८१ येते. १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जातोच.

कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. आज हर्षद हा शब्द इंग्रजी गणितातही तसाच वापरतात.

पालकांनो, ही संख्या एक्सेलमध्ये टाइप करून पाहा. ते पहिले पंधराच अंक जपते, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्ये येतात. साध्या कॅल्क्युलेटरवर तर ती मावतच नाही. संगणक हा माझा रोजचा धंदा आहे, तरीही सांगतो: उत्तर दिसले म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. हा गुणाकार मुलांना कागदावरच करू द्या.

गृहपाठ: ११, १११, ११११ असे करत आठ एकांपर्यंतच्या संख्यांचे वर्ग काढा. त्या सात वर्गांपैकी एकच हर्षद आहे. कोणता, आणि बाकीचे का नाहीत?