मांडी कीं कार सीट?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन कुटुंब मोटारीनें प्रवासास निघालें, कीं पहिला कठीण प्रसंग दारांतच उभा राहतो. लहान मुलांसाठीं मोटारींत जी निराळी खुर्ची बसवितात व जिला सर्वत्र 'कार सीट' म्हणतात, ती पाहतांच मूल पाठ धनुष्यासारखी ताणतें, पाय झाडतें आणि रडून आकांत मांडतें. आजीचें काळीज तुटतें. "दे त्याला इकडे, माझ्या मांडीवर बसेल शहाण्यासारखा," असें ती म्हणते. आणि पुष्कळ घरांत खुर्चीचा पराभव होतो तो येथेंच.

मांडीसारखी मायेची जागा दुसरी नाहीं, हें खरें. परंतु अपघाताच्या क्षणीं ती मुलाला आवरूं शकत नाहीं. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार एक दशांश सेकंदांत थांबली, तर १० किलोचें मूल धरून ठेवण्यास सुमारें १४० किलो वजन पेलण्याइतकें बळ लागतें. तेवढें बळ कोणाच्या बाहूंत असणार? एकच पट्टा दोघांभोवतीं बांधला, तर मोठ्या माणसाच्या भाराखालीं मूल चिरडण्याचें भय असतें. शिवाय, लहान मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड व मान कोंवळी असते. मागें तोंड असलेली खुर्ची समोरचा धक्का साऱ्या पाठीवर विभागते. स्वीडनमध्यें बर्टिल आल्डमन यांनीं १९६४ च्या सुमारास अशी खुर्ची तयार केली. तिची कल्पना त्यांना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली होती. भारतांतही २०१९ च्या दुरुस्ती कायद्यानें, चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यानें वा अशा खुर्चींत सुरक्षित न बसविल्यास १००० रुपये दंड सांगितला आहे.

मग मूल विरोध कां करतें? नुकतेंच तें चालूं-धावूं लागलेलें असतें. बांधून घेणें हा त्याला आपल्या नव्या स्वातंत्र्याचा अपमान वाटतो. तें दुष्टपणा करीत नसतें. तथापि प्रथम पाहावें तें खरें दुःख. उन्हांत तापलेली कडी, पीळ पडलेला पट्टा, भूक किंवा मोडलेली झोंप, यांपैकीं कांहींही रडण्याचें कारण असूं शकतें. जाड स्वेटर पट्ट्याखालीं ठेवूं नये. पट्टा सैल राहतो. पांघरूण वरून घालावें.

दुःख नसून केवळ हट्ट असेल, तर निवड द्यावी. मात्र ती बसण्या-न-बसण्याची नसावी. बाहुली घ्यावयाची कीं चेंडू, उजवा हात आधीं घालावयाचा कीं डावा, हें मुलानें ठरवावें. घरीं त्याच खुर्चींत बसवून खेळवावें. बाहुलीलाही पट्टा बांधूं द्यावा. निघण्याची घाई नसावी. वाटेंत मुलानें पट्ट्यांतून हात काढलाच, तर मोटार सुरक्षित जागीं थांबवावी, न रागावतां पट्टा पुन्हा नीट बांधावा व मगच पुढें निघावें.

आज बांधलें आणि उद्यां रडण्यापुढें सोडलें, तर मूल एवढेंच शिकतें कीं अधिक मोठ्यानें रडलें पाहिजे. सारें घर एका शब्दाचें असेल, तर पुष्कळशा मुलांचा विरोध हळूहळू ओसरतो. आजीनें खुर्चीशेजारीं बसावें, त्याचा हात हातांत घ्यावा, गाणें म्हणावें. मुक्कामास पोहोंचल्यावर मांडी त्याचीच आहे.