उन्हातली शेवई आणि फ्रीझरमधला पास्ता
सातारा-सांगली भागात उन्हाळ्यात केल्या जाणाऱ्या खपली गव्हाच्या शेवया उन्हात कडकडीत वाळवल्या की पाण्याअभावी त्यांत बुरशी व जिवाणू वाढत नाहीत. शिजलेल्या पास्त्यात मात्र भरपूर पाणी असल्याने तो दीर्घकाळ टिकवायला उणे १८ अंश सेल्सिअसची थंडी लागते. हळू गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक तयार होऊन त्याची घडण मोडते. म्हणून पास्ता आत किंचित कणी राहील असा शिजवून, निथळून, तेलाचा हात लावून ताटात पातळ पसरावा आणि गोठल्यावरच पिशवीत भरावा. अंड्याच्या गोठवलेल्या कच्च्या नूडल्स वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडणे उत्तम, कारण वितळताना पृष्ठभाग ओलसर होऊन त्यांचा चिकट गोळा बनतो.