मसुद्यातील वाक्याचा कर्ता

प्रबंधाचा पहिला मसुदा पुरा झाला आणि मार्गदर्शकांनी विवेचनास संमती दिली, की बहुतेक विद्यार्थी शुद्धलेखन तेवढे तपासून तो सादर करतात; वस्तुतः वाक्यावाक्याचे खरे संस्करण येथूनच सुरू व्हावयास हवे, आणि त्यासाठी लागणाऱ्या अवधीची तजवीज क्वचितच कोणी करतो, याची मला मनापासून खंत वाटते.

दख्खनच्या दंग्यांवरील एखाद्या निबंधात पुढील धाटणीचे वाक्य सहज आढळेल: ‘इ. स. १८७५ मध्ये सुपे येथील उठावाच्या प्रसंगी शेतकऱ्यांकडून कर्जरोख्यांच्या जाळपोळीची कृती करण्यात आल्याचे दिसून येते.’ यात व्याकरणाचा दोष काढता येणार नाही; परंतु ज्यांनी हे साहस केले ते शेतकरी ‘कडून’ या अव्ययाआड गेले आहेत, जाळण्याची क्रिया नामात गोठली आहे, आणि वाक्याचा सारा भार ‘दिसून येते’ या दुबळ्या क्रियापदावर पडला आहे. जेथे हुकूम व्यक्तीचा नसून पदाचा असतो, त्या सरकारी दप्तरात ‘करण्यात येते’ हा प्रयोग रास्तच. इतिहासकाराला मात्र कोणी काय केले हेच सांगावयाचे असते. म्हणून लिहावे: ‘१८७५ च्या मे महिन्यात सुप्यास जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून घेऊन जाळले.’

कर्ता सापडला म्हणजे पदक्रमाकडे वळावे. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि त्याच्या लगतपूर्वीच्या शब्दावर स्वभावतःच भर पडतो. ‘रोखे शेतकऱ्यांनी जाळले’ म्हटले, की जाळणारे कोण हे ठसते. ‘शेतकऱ्यांनी रोखे जाळले’ म्हटले, की दृष्टी त्या कागदांवर खिळते. ज्या कागदांच्या बळावर सावकार दिवाणी न्यायालयातून जप्ती आणीत असे, त्यांचे विवेचन पुढे यावयाचे असेल, तर दुसरीच रचना योग्य, कारण तीमुळे एक वाक्य दुसऱ्याच्या हाती विषय सोपविते, आणि ‘यासंदर्भात’, ‘त्याचप्रमाणे’ असले सांधे आपोआप गळून पडतात.

दीर्घ वाक्याचे भय बाळगू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हापासून मराठी गद्याने लांब, डौलदार वाक्य पेललेले आहे. मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जे उपवाक्य घालावयाचे, ते त्या क्रियेचे कारण, काळ किंवा अट सांगणारे असावे, नुसती जमविलेली माहिती नसावी. मोठ्याने वाचताना क्रियापदापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कर्ता विसरला, तर वाक्य तेथेच तोडावे.

राहता राहिली संशयदर्शक पदे. ‘असे म्हणता येईल असे वाटते’ यात एकाच शंकेची द्विरुक्ती आहे. सुप्यास रोखे जाळले गेले हे निःसंदिग्धपणे लिहावे. त्यामागे आगाऊ मसलत होती असे सुचवावयाचे असून पुरावा तोकडा असेल, तर तेथे एकच ‘बहुधा’ ठेवावा आणि तो पुरावा नेमका कोठे तोकडा पडतो, ते लगेच पुढील वाक्यात सांगावे.