सिकलसेलच्या उपचाराला विषाणूची मदत

विषाणू म्हटले की कोरोना, एचआयव्ही आठवतात. पण ज्या एचआयव्हीने इतके जीव घेतले, त्यालाच निकामी करून शास्त्रज्ञांनी सिकलसेलच्या उपचाराला जुंपले आहे. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो, म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत हवी.

सिकलसेल आईवडिलांकडून येतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच छोटा बदल असतो. पण त्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

पेशीत शिरून आपले जनुक तिथे रोवणे, हे एचआयव्हीचे काम. शास्त्रज्ञांनी त्यातला रोगाचा भाग काढला आणि चांगल्या हिमोग्लोबिनचे जनुक बसवले. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत या विषाणूमार्फत त्यांत ते जनुक घालतात. मग केमोथेरपीने हाडांच्या मगजात जागा करून त्या पेशी शिरेतून परत देतात. या विषाणूची शरीरात वाढ होत नाही, त्यामुळे एड्स होत नाही.

अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये 'लिफजेनिया' नावाच्या या उपचाराला १२ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी मंजुरी दिली. किंमत ३१ लाख डॉलर, म्हणजे २५ कोटी रुपयांच्या वर! रक्ताच्या कर्करोगाचा धोकाही सांगितलेला आहे. पुढे अनेक वर्षे रक्त तपासावे लागते.

आजार गरिबाच्या घरी आणि उपचार कोट्यवधींचा, हे आम्हाला मान्य नाही. असे उपचार सरकारी रुग्णालयात, परवडेल अशा रीतीने मिळावेत, ही मागणी आपण आत्तापासून लावून धरली पाहिजे.

तोपर्यंत हातात आहे ते सोडू नका. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी तपासणी करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून खात्री करा. एसएस रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी आणि मनाने बंद करू नये. एएस म्हणजे वाहक. तो रुग्ण नव्हे. नवरा-बायको दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न ठरवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी करा. दोष मात्र एकट्या मुलीला देऊ नका.