तिसऱ्यांच्या पोटातले धातू

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यापासून मुंबईचा समुद्र रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरहून लांब. तरी बर्फात भरलेली सुरमई, कोळंबी, माकूल आणि कधीमधी तिसऱ्या आपल्या शहरात येतात. घेणारा ताजेपणा पाहतो, भाव करतो. माल कुठल्या खाडीतला, हे मात्र कुणी विचारत नाही. शिंपल्यांच्या बाबतीत तर हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

तिसरी, कालव, शिनाणे हे जीव भक्ष्याच्या मागे धावत नाहीत. चिखलात किंवा खडकाला चिकटून ते पाणी आत ओढतात, त्यातले सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण खातात आणि उरलेले पाणी बाहेर सोडतात. एक मोठे कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरांहून अधिक पाणी असे गाळू शकते. त्या कणांना चिकटून कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त, पारा हे धातूही आत जातात. मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन त्यांतल्या कॅडमियमसारख्या काही धातूंना जखडून ठेवते, म्हणून शिंपली जगते. पण धातू तिच्या शरीरातच राहतो आणि त्याचे प्रमाण आजूबाजूच्या पाण्याच्या शेकडो-हजारो पटींवर जाते.

यात आपल्या स्वयंपाकाचाही भाग आहे. सुरमई साफ करताना आतडी, काळीज काढून टाकतात. तिसऱ्यांची एकशिपी करताना मात्र अख्खा जीव पचनग्रंथीसकट रश्श्यात जातो, आणि धातूंचा मोठा साठा त्या ग्रंथीतच असतो. तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की वाळू सुटते. कॅडमियम सुटत नाही. कितीही उकळले तरी धातू नाहीसा होत नाही. स्वच्छ पाण्यात ठेवलेल्या शिंपल्यांतले जंतू एक-दोन दिवसांत बऱ्याच अंशी निघून जातात, धातू कमी व्हायला आठवडे, कधी महिनेही लागतात.

सगळे धातू मात्र सारखे वागत नाहीत, आणि इथे बराच गोंधळ होतो. कॅडमियम आणि शिसे शिंपल्यात भरपूर साठतात, पण लहान माशातून मोठ्या माशात जाताना सहसा वाढत जात नाहीत. पारा वाढतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचे मिथिलपारा बनवतात. तो प्लवकांतून लहान माशात, तिथून मोठ्या शिकारी माशात जातो आणि प्रत्येक पायरीवर अधिक दाट होतो. म्हणून पाऱ्याची काळजी मुशीसारख्या मोठ्या माशांबाबत अधिक करावी, कॅडमियमची शिंपल्या, खेकड्याच्या पोटातला गर आणि माकुलाची आतडी यांबाबत. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात पोहोचले की तिथून निम्मे व्हायलाही दहा ते तीस वर्षे लागतात.

पाऱ्याच्या विषबाधेची सर्वांत भीषण साक्ष जपानच्या मिनामाताची. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात 1932 पासून पाऱ्याच्या साहाय्याने ॲसिटाल्डिहाइड बनत असे आणि सांडपाणी उपसागरात जाई. आधी मांजरे झटके येऊन मेली, मग माणसे आजारी पडली. 1 मे 1956 ला या रोगाची अधिकृत नोंद झाली. कुमामोतो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या उपसागरातल्या शिंपल्यांतून सेंद्रिय पारा वेगळा काढून दाखवला. कारण समोर असूनही ती प्रक्रिया बंद झाली 1968 साली. सरकारने अधिकृतपणे मान्य केलेले रुग्ण 2,200 हून अधिक. त्यांत आईच्या पोटातच विषबाधा झालेली मुले होती, हे वाचताना आजही जीव तुटतो.

आपल्याकडे पहिली नजर जाते ती ठाण्याच्या खाडीकडे. अरुंद, उथळ खाडी. एका काठाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, दुसऱ्या काठाला मुंबईची उपनगरे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एम. डी. झिंगडे आणि बी. एन. देसाई यांनी 1981 मध्येच या खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यानंतर पाऱ्यावर चालणारे क्लोर-अल्कली कारखाने देशभर मागे पडले, भारताने 2018 मध्ये मिनामाता कराराला मान्यता दिली, 2022 मध्ये फ्लेमिंगोंची ही खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. फ्लेमिंगोंना मिळालेल्या या मानाचा आनंदच आहे. पण गाळात बसलेला धातू घोषणेने उठून जात नाही, आणि कोळी कुटुंबांचे पोट याच खाडीवर आहे.

शिंपली पाण्याची साक्ष देते, हे एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने ओळखले. 1975 मध्ये त्यांनी जगभरच्या किनाऱ्यांवरचे शिनाणे तपासून प्रदूषणावर पाळत ठेवण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत 1986 पासून तसे नियमित काम चालू झाले. आपल्यालाही हे काम परके नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी गोदावरीच्या गोड्या पाण्यातल्या लॅमेलिडेन्स, पॅरेसिया या शिंपल्यांवर धातूंचे प्रयोग केले आहेत. शहराचे सांडपाणी घेऊन खाम नदी गोदावरीवरच्या नाथसागर जलाशयाला मिळते आणि त्याच नाथसागराचे पाणी आपण पितो. मग हे काम प्रबंधांच्या कपाटात का राहावे?

घाबरून मासळी सोडण्याचे कारण नाही. तिसऱ्यांत लोह, जस्त आणि उत्तम प्रथिने असतात. रोज एकच प्रकार खाऊ नये, माकूल आतडी काढूनच शिजवावे, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोठे शिकारी मासे टाळावेत, कारखान्यांच्या खाडीतल्या शिंपल्या घेऊ नयेत. एवढे घरी जमते.

बाकीचे सरकारने करायचे आहे. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्सने बहुतेक सागरी शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे 2 मिलिग्रॅम ठरवली आहे. युरोपात जाणाऱ्या भारतीय माकुलाच्या काही खेपा कॅडमियम जास्त सापडल्याने अडवल्या गेल्या. परदेशी ग्राहकासाठी जी तपासणी होते, ती ठाण्याच्या, मालवणच्या आणि गारखेड्याच्या ग्राहकासाठीही नियमित व्हावी, आणि कोणत्या खाडीत किती धातू सापडला हे दर हंगामात मराठीत जाहीर करावे. वाचकहो, पुढच्या वेळी तिसऱ्या घेताना खाडीचे नाव विचारा, आणि विक्रेत्याला ते सांगता आले नाही तर अन्न व औषध प्रशासनाला लेखी विचारा.